थंड रंग मागे जातात

नवव्या दिवशीही शाल्मलीला टेबलावरचा चेंडू पोळीसारखा सपाटच दिसत होता, आणि तिला त्याची भीती वाटत होती.

भीती अशी, की हात लावला की तो गोल लागायचा. डोळा म्हणायचा सपाट, हात म्हणायचा गोल. चौतीस वर्षं जिने हातावर आणि कानावर भरवसा ठेवून आयुष्य काढलं, तिने आता या नवख्या डोळ्याचं ऐकायचं की हाताचं? ती चेंडूला बोट लावायची आणि चटका बसल्यासारखी मागे घ्यायची.

शाल्मली खोत जन्मांध. मिरजेबाहेरच्या दृष्टिबोध केंद्रात डॉक्टर नाझनीन मुजावरांनी तिच्या उजव्या डोळ्यात कृत्रिम नेत्रपट बसवला होता. तांदळाच्या दाण्याएवढी ती वस्तू प्रकाश टिपायची आणि त्याचे संदेश मेंदूकडे धाडायची. डावा डोळा कामातून गेलेलाच होता, त्यामुळे जे काही पाहायचं ते एका डोळ्याने. शस्त्रक्रिया छान झाली. शाल्मलीला दिसायला लागलं, पण काय दिसतंय ते कळेना. समोर नुसते डाग हलायचे आणि ती घाबरून डोळा मिटून घ्यायची.

"मोठ्या माणसाचा मेंदू घट्ट झालेला असतो," डॉक्टरांनी तिला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. "तान्ह्या बाळाचा मऊ असतो, म्हणून ते पाहायला शिकतं. आम्ही तुला मृदुक नावाचं औषध देतोय. त्याने मेंदूतला पाहण्याचा भाग चाळीस दिवस मऊ राहील. त्यापुढे दिलं तर आकडी येते. म्हणून चाळिसाव्या दिवशी स्थिरकाची सुई. तोवर जे शिकशील, ते जन्माचं पक्कं."

"आणि चुकीचं शिकले तर?"

"तेही पक्कं," डॉक्टर म्हणाल्या. त्या खोटं बोलायच्या नाहीत, हा त्यांचा गुण आणि हाच त्यांचा त्रास.

शाल्मलीला जग पाहायची फार हौस होती असं मुळीच नाही. तिचं काम एकच होतं. सहा वर्षांच्या जुईला ती रोज हाताला धरून शाळेत सोडायची, हातात काठी आणि कान रस्त्यावर. मग गाड्या विजेवर गेल्या आणि मुक्या झाल्या. माणूस दिसताच आपोआप थांबणाऱ्या गाड्या पुण्या-मुंबईकडे. इथले टेम्पो भंगारातून जोडलेले, त्यांना विजेची मोटर तेवढी नवी. गेल्या वर्षी असाच एक टेम्पो आवाज न करता आला आणि शाल्मलीच्या हातातली काठी मोडून घेऊन गेला. जुई वीतभर अलीकडे होती. त्या दिवसापासून शाल्मलीने लेकीला उंबऱ्याबाहेर नेलं नव्हतं. शाळेला ती आत्याबरोबर जायची.

"मला जुईला घेऊन रस्ता ओलांडता आला पाहिजे," ती डॉक्टरांना म्हणाली होती. "बाकी तुमचं जग नाही दिसलं तरी चालतंय."

तर, चेंडू. केंद्रातल्या तज्ज्ञांनी हात टेकले तेव्हा डॉक्टर मुजावरांनी एक अजब माणूस बोलावला. दत्तात्रय गुरव, वय अडुसष्ट, शाळेतले निवृत्त चित्रकला शिक्षक. सांगली-मिरजेतल्या तीन पिढ्या यांच्या हाताखाली एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट पास झाल्या होत्या. तज्ज्ञ हसले. डॉक्टर म्हणाल्या, "हसा. चित्रकार सपाट कागदावर खोली आणतो. आणि एका डोळ्याच्या या मुलीपुढे रोज सपाट कागदच येतोय. त्यातली खोली कशी ओळखायची हे ड्रॉइंगच्या मास्तरांशिवाय कोण शिकवणार?"

गुरव सरांनी तिच्यापुढे कागद ठेवला. पेन्सिलीने एक गोल काढला.

"हे काय?"

"पोळी."

"बरं." सरांनी पेन्सिल आडवी धरून गोलाच्या एका कडेला छटा भरायला सुरुवात केली. कडेला गडद, आत येता येता फिकी, वरच्या बाजूला कागद पांढराच सोडलेला. मग खाली एक आडवी सावली टाकली. "आता?"

शाल्मली किंचाळून खुर्चीसकट मागे सरकली. "आई गं! सर, ते कागदातनं बाहेर आलं!"

"कुठं बाहेर येतंय? कागद आहे बाळ, हात लाव." ती हात लावेना. सरांनी तिचा हात धरून कागदावर फिरवला. सपाट. मग तिने घाबरत घाबरत टेबलावरच्या चेंडूकडे पाहिलं, आणि चेंडूही फुगला. ती रडायला लागली. भीतीने की आनंदाने हे तिलाच ठाऊक नव्हतं.

पुढचे दिवस भराभर गेले. बिंदू, रेषा, आकार, छटा, पोत. सरांची शिकवण्याची रीत जुनी होती. नियम सांगायचा, तो पाठ करून घ्यायचा, मग पंचवीस वेळा गिरवायला लावायचा. सतराव्या दिवशी रंग आले. लाल, पिवळा, निळा हे मूळ रंग, यांच्यातून बाकीचे सगळे. सरांनी बशीत पिवळ्यात निळा मिसळला तेव्हा शाल्मली कावरीबावरी झाली.

"पिवळा कुठं गेला?"

"हिरव्यात गेला."

"परत नाही का येणार?"

"नाही येणार," सर म्हणाले, आणि तिचं तोंड पाहून त्यांनी पिवळ्याचा दुसरा ठिपका बाजूला ठेवला.

गाडी अडली ती अंतरावर. बोळाच्या टोकाचं दार तिला हातात मावेल एवढं दिसायचं, आणि ते हातात घ्यायला ती हात पुढे करायची. लांबचं लहान दिसतं, हे काही केल्या तिला पटेना. "लहान दिसतंय म्हणजे लहानच असणार ना सर? उगाच मोठं कसं म्हणू?" यावर डोळस माणसाकडे उत्तर नसतं. त्याने हे इतक्या लहानपणी शिकलेलं असतं की शिकलो हेही त्याला आठवत नाही.

एकविसाव्या दिवशी सर घरून निसर्गचित्रांचा गठ्ठा घेऊन आले. चाळीस वर्षांचे नमुने. जवळ लाल कौलांचं घर, नारिंगी वाट, पलीकडे हिरवं शेत, सगळ्यात मागे निळे डोंगर.

"नियम लिही डोक्यात. उष्ण रंग पुढे येतात, थंड रंग मागे जातात. लाल, नारिंगी, पिवळा हे उष्ण. निळा थंड. म्हण."

"उष्ण रंग पुढे येतात, थंड रंग मागे जातात."

तीन दिवसांत चमत्कार झाला. चित्रांना खोली आली. बोळात सरांनी लाल खुर्च्या अलीकडे मांडल्या होत्या आणि टोकाची भिंत निळी रंगवून घेतली होती, तर बोळही लांब झाला. आवारात नेलं तेव्हा तिने फुललेली लाल जास्वंद जवळ म्हणून सांगितली आणि डंडोबाचा डोंगर लांब म्हणून. एकही चूक नाही. हसणाऱ्या तज्ज्ञांनी सरांना खांद्यावर घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं. डॉक्टरांनी पेढे वाटले. आता यात कुणाला शंका यावी असं काय होतं, सांगा.

अडतिसाव्या दिवशी सकाळी जुई आली. शाल्मलीने तिचा हात धरला आणि दोघी केंद्राच्या फाटकाबाहेर रस्त्याच्या कडेला उभ्या राहिल्या. मागे चार पावलांवर डॉक्टर आणि सर. एक लाल मोटार येताना शाल्मलीने पाहिली, थांबली, जाऊ दिली. सरांना कौतुकाने भरून आलं. तिने पुन्हा दोन्हीकडे पाहिलं.

"मोकळा आहे," ती म्हणाली आणि पाऊल टाकलं.

जुईने हात हिसडला. "आई!"

निळा टेम्पो शाल्मलीच्या कोपराला आरसा घासून निघून गेला. पुढे जाऊन थांबला, चालकाने खिडकीतून शिव्या घातल्या, गेला. जुई मागच्या मागे मातीत बसली होती. तिला काही लागलं नव्हतं.

"तो तिकडं होता," ती परत परत म्हणत राहिली. "अहो, तो तिकडं डोंगरापाशी होता!"

ते ऐकून काय झालं ते गुरव सरांना तिथेच कळलं. डॉक्टर जुईला उठवायला वाकल्या. शाल्मलीने हात पुढे केला, तर जुई डॉक्टरांच्या पाठीशी गेली.

"मी काकूंचा हात धरते," ती म्हणाली. शाल्मलीने आपला हात मागे घेतला आणि पदरात लपवला.

आत आल्यावर डॉक्टरांनी टेबलावर दोन सारखे पेले ठेवले, एक लाल, एक निळा, अगदी शेजारी शेजारी. "उचल." लाल तिने अचूक उचलला. निळ्याकडे हात नेला तो पेल्याला धडकून पार टेबलापलीकडे गेला. पेला पडला. तीनदा ठेवला, तीनदा पडला.

"माझं पाप आहे हे," सर म्हणाले. "डोळस पोराला जग आधीच ठाऊक असतं. डोंगर लांब आहे, मग कागदावर तो लांब भासवायला निळा वापर, अशी ती युक्ती आहे. हिला जग ठाऊकच नव्हतं. हिला मी युक्तीच आधी शिकवली. निळं ते लांब, हाच हिचा कायदा झाला."

"मेंदू आळशी असतो, सर," डॉक्टर म्हणाल्या. "अंतर ओळखायला दहा खुणा असतात. आकार, सावली, हालचाल, काय काय. त्या एकमेकींना सांभाळून घेतात. हिला एक सोपी खूण मिळाली, मेंदूने तीच धरली आणि बाकीच्या नऊ शिकायचं सोडून दिलं. परीक्षेत आपणही त्याच खुणेचे प्रश्न विचारले. माझीही चूक आहे."

"मग आता शिकवा की बाकीच्या नऊ."

"त्याला महिना लागतो. आपल्याकडे दोन दिवस आहेत. या दोन दिवसांत एखादी गोष्ट उलटवता येईल, तेवढीच."

"मग उलटवू! निळं पुढे, लाल मागे."

शाल्मली भिंतीशी बसून ऐकत होती. "आणि लाल एसटी आली तर?" ती म्हणाली.

सरांनी लाल पेला टेबलावरून उचलला आणि परत ठेवला.

"सगळंच जवळ करा," शाल्मली म्हणाली. "लाल आहे तसं जवळ राहू द्या. निळंही जवळ आणा. जे दिसेल ते अंगावर आलंय असंच वाटू दे मला."

"शाल्मली, जन्मभर भीत राहशील गं."

"राहीन की. भ्यालेलं माणूस थांबतंय, डॉक्टर. मी आज भ्याले नाही म्हणून पुढं गेले. परत असं झालं आणि जुई गेली, तर मी हा डोळा घेऊन काय करू?"

डॉक्टरांनी तिला दोनदा विचारलं, कागदावर तिचा अंगठा आणि सही दोन्ही घेतलं, आणि सर कामाला लागले.

मोठ्या दालनाचे पडदे त्यांनी ओढून घेतले. उन्हाने रंग पालटतात, म्हणून रंगाचं काम एकसारख्या दिव्याखाली करायचं, ही त्यांची आयुष्यभराची सवय. केंद्रातलं जे जे निळं होतं ते सगळं आत आलं. बादली, प्लास्टिकची खुर्ची, औषधांचे खोके, बॉलपेनं, ताडपत्री, परिचारिकांचे सदरे. हाताच्या अंतरापलीकडे काही ठेवायचंच नाही.

"हात लाव. कुठंय?"

"लांब… नाही. इथं."

"पुन्हा."

पहिल्या दिवशी संध्याकाळपर्यंत तिची बोटं वस्तूंना आपटून सोलवटली. सर स्वतः निळा सदरा घालून आले होते. तिने त्यांच्या छातीला हात लावायचा आणि 'इथं' म्हणायचं, असं शंभरदा झालं. चाळीस वर्षं जो नियम त्यांनी पोरांकडून घोकून घेतला, तो ते आता एका बाईच्या डोक्यातून हाताने उपटत होते. दुसऱ्या दिवशी दुपारी निळा पेला तिने उचलला. मग लाल, मग हिरवा, मग पुन्हा निळा. एकही पडला नाही.

शेवटची परीक्षा दालनाला आतूनच जोडलेल्या मागच्या गोदामात झाली. डॉक्टरांनी तिथे एक निळा टेम्पो आणून उभा केला होता, दारापासून पन्नास पावलांवर. शाल्मलीला आत आणलं तशी ती ओरडून भिंतीला चिकटली. "आला! अंगावर आला!"

"बंद आहे तो," डॉक्टर म्हणाल्या, "आणि पन्नास पावलांवर आहे." त्यांच्या आवाजात समाधान होतं आणि त्यांना त्याची लाजही वाटत होती. तीन वाजता स्थिरकाची सुई दिली. डोळ्यावर पट्टी बांधली. आता उलट फिरायची सोय उरली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला व्हरांड्यात पट्टी काढली. समोर जुई उभी होती, दप्तर पाठीला लावून. आत्याने समजूत घालून तिला आणलं होतं. शाल्मली तिच्याकडे पाहून नीट हसली. तिला वाटलं, जमलं.

मग ती व्हरांड्याची पायरी उतरली आणि खाली बसली.

बसली म्हणजे कोसळली. दोन्ही हात डोक्यावर धरून तिने मान खांद्यांत ओढून घेतली. "सर! वर काय बांधलंय? काढा ते! डोक्याला लागतंय माझ्या!"

सरांनी वर पाहिलं. डिसेंबरातली सकाळ. ढगाचा ठिपका नाही.

दोन दिवस त्यांनी बादल्या आणि पेनं गोळा केली होती. पहिल्या नियमात आकाश आपसूक आपल्या जागी गेलं होतं, शाल्मलीला ते शिकवावंच लागलं नव्हतं. म्हणून दुसऱ्या नियमात ते कुठे जाईल, हे पडद्याआड बसलेल्या कुणाच्या मनातही आलं नाही.

"आकाश आहे बाळ," शेवटी ते म्हणाले. "लांब आहे ते. फार लांब आहे."

शाल्मलीने एक हात वर केला. हाताला काही लागलं नाही. डोळा सांगत होता, कपाळाला टेकलंय.

डॉक्टर तिच्याजवळ गुडघ्यांवर बसल्या. "तुझ्या कानामागे बटण आहे. नेत्रपट बंद करते. तुला पूर्वीसारखं होईल. करू?"

"आणि रस्ता?"

फाटकाबाहेरून गाड्या जात होत्या आणि एकीचाही आवाज येत नव्हता.

"नको," शाल्मली म्हणाली. "जुई, हात दे."

जुईने क्षणभर डॉक्टरांकडे पाहिलं, मग हात दिला. शाल्मली उठली, पण सरळ झाली नाही. बुटक्या माळ्यावर वावरावं तशी कमरेत वाकून, पापण्या थरथरत, ती लेकीला धरून फाटकाबाहेर गेली. सर मागोमाग निघाले होते. तिने मानेनेच नको म्हटलं.

रस्त्याच्या कडेला दोघी थांबल्या. एक रिक्षा गेली, मग दुचाकी, मग लाल एसटी. प्रत्येक वेळी शाल्मलीचं अंग शहारलं आणि तिने जुईला पोटाशी धरलं. प्रत्येक वेळी ती थांबली. मग वाहनं सरली. एक मिनिट गेलं, दोन गेली.

"आई, चल ना. घंटा होईल."

"थांब."

"आता कुणीच नाही गं."

"आहे. ते जाऊ दे, मग जाऊ."

"काय जाऊ दे?"

"तो निळा बघ की, समोरच उभा आहे. एवढा मोठा, दिसत नाही तुला?" शाल्मलीने हात उचलून बोट दाखवलं.

जुईने तिकडे पाहिलं. रस्ता सरळ लांबवर गेला होता, पूर्ण मोकळा, आणि तो जिथे संपत होता तिथे नुसतं आकाश होतं.